लेकरू बोलेपर्यंत थांबावं

पहिलीच्या वर्गावर बरीच वर्षं काढल्यावर कोणतं लेकरू लवकर रुळणार याचा अंदाज मला जूनच्या पहिल्या आठवड्यातच येऊ लागला होता. हा अंदाज अक्षरओळखीवरून कधी बांधता आला नाही. "सर, यानं माझी पेन्सिल घेतली," असं जे लेकरू जवळ येऊन सांगायचं, ते थोड्याच दिवसांत वर्गाचं होऊन जायचं. एखाद्याला शंभरपर्यंत आकडे तोंडपाठ असायचे, पण लघवीला जायचंय हे सांगायला तोंड उघडायचं नाही. ते बसल्या जागी चड्डी ओली करायचं, बाकीची पोरं हसायची, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी ते आईचा पदर सोडायला तयार व्हायचं नाही. आकडे त्याला दोनशेपर्यंत येत असते तरी त्या सकाळी त्यांचा काही उपयोग नव्हता.

त्यामुळे लेकराची शाळेची तयारी कशी करून घ्यावी, असं कोणी विचारलं की माझं उत्तर लहान असतं. घराबाहेरच्या मोठ्या माणसाला आपलं म्हणणं सांगता यावं, आणि सांगितलं तर ते ऐकलं जातं असा भरवसा लेकराला असावा. एवढं जमलं की बाकीचं शिकवायला शाळा आहेच. हे ऐकून पालक जरा हिरमुसतात. विकत आणता येईल, भिंतीवर टांगता येईल, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवता येईल, असं काहीतरी त्यांना हवं असतं.

आता हा प्रश्न माझ्याच घरात आला आहे. मुलगा वाळूजला कंपनीत जातो, सून एका दवाखान्यात काम करते. नातीचा दिवस आम्हा म्हाताऱ्या दोघांबरोबर जातो. यंदा तिला नर्सरीत घालायचं ठरलं आहे. आमच्या जुन्या शहरात गल्लीगल्लीत नर्सऱ्यांच्या पाट्या लागल्या आहेत, प्रत्येक पाटीवर कार्टूनमधला एखादा उंदीर किंवा अस्वल आहे. प्रवेशाचा मोसम आला की घरोघरी एकच यादी फिरते: ए टू झेड, वन टू फिफ्टी, रंगांची इंग्रजी नावं, दोन राइम्स, स्वतःचं नाव इंग्रजीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई केली, तरी 'सहज गप्पा मारतो' म्हणून लेकराला समोर बसवणं काही थांबलेलं नाही. आणि त्या गप्पांच्या धास्तीनं घरातच शाळा भरू लागते.

राज्याच्या नियमानुसार ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलाला नर्सरीत घालता येतं. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं लेकरू जूनमध्ये वर्गात बसतं तेव्हा ते अडीच वर्षांचं असतं. अडीच वर्षांच्या जिवाकडे आपण काय मागतो आहोत, याचा विचार यादी करणाऱ्यानं एकदा तरी करावा. घरातल्या चार माणसांच्या पलीकडचं जग त्यानं अजून पुरतं पाहिलेलंही नसतं.

ते जग दाखवायला मला लांब जावं लागत नाही. शहागंजचा बाजार पायी अंतरावर आहे. निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा, अठराव्या शतकातली मशीद, गांधीजींचा पुतळा आणि त्यांच्या मधल्या जागेत जमेल तिथे उभे राहिलेले हातगाडे. फळं, भाजी, चपला, बांगड्या, कटपीस, प्लॅस्टिकचे डबे, सगळं एकाच रेट्यात. या बाजाराचं गुणगान करायचा माझा हेतू नाही. पायी चालायला धड जागा नाही, रिक्षा अंगावर येतात, दुपारनंतर लेकराला घेऊन तिथं जाणं म्हणजे त्याचा हात क्षणभरही न सोडणं. म्हणून आम्ही सकाळी जातो. गाडे नुकते लागत असतात, विक्रेत्यांना बोलायला उसंत असते आणि नातीला त्यांचे चेहरे दिसतात. गर्दीत तिला फक्त लोकांचे गुडघे दिसतात.

कोथिंबिरीच्या गाड्यावर तिनं स्वतः बोलावं असं मी ठरवलं. "क्या होना, बेटा?" असं गाडेवाल्यानं विचारलं की ती पहिल्यांदा माझ्या पायामागं लपायची. मी काही बोललो नाही. गाडेवाल्यालाही खुणेनं थांबायला सांगितलं. तो समजूतदार निघाला, दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. असं काही दिवस चाललं. मग ती बोट दाखवू लागली. पुढे माझ्या कानात सांगू लागली, आणि मी ते पुढे पोहोचवलं नाही. एका सकाळी "कोथिंबीर" एवढा एक शब्द तिनं जमिनीकडे बघत उच्चारला. आता ती दखनीत "एक जुडी होना" असं म्हणते, पैसे देते, उरलेले परत घेते आणि जुडी स्वतःच्या पिशवीत ठेवते. तिथून चार पावलांवर किराण्याच्या दुकानात गेलं की तीच मुलगी मारवाडी शेटजींना मराठीत "पावशेर साखर द्या" म्हणते. कोणत्या माणसाशी कोणती भाषा, हे तिला कोणी शिकवलं नाही. दोन भाषा कानावर पडल्या तर लेकरू गोंधळतं अशी भीती पुष्कळांना असते. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना वेगळंच दिसलं आहे: दोन वर्षांची मुलंसुद्धा समोरचं माणूस पाहून भाषा निवडतात. शब्दांची सरमिसळ होते, पण ती मोठ्यांच्या बोलण्यातही होतेच की.

या सगळ्यात माझं काम एकच होतं, गप्प बसणं. ते फार अवघड जातं. लेकराला कोणी नाव विचारलं की आई सांगते, किती वर्षांची विचारलं की आजी सांगते, आणि काय खाणार विचारलं तर बाप आधीच मागवून मोकळा होतो. यात प्रेम असतं, घाई असते आणि समोरच्याला ताटकळत ठेवू नये हा आपल्याकडचा संकोचही असतो. पण लहान मुलाला प्रश्न ऐकायला, त्याचा अर्थ लावायला, शब्द शोधायला आणि धीर गोळा करायला आपल्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. तो वेळ आपणच भरून टाकला की बोलायचं काम मोठ्यांचं, हे लेकरू शिकतं. वर्गात बाई विचारतात तेव्हा ते मान वळवून मागं पाहतं, आणि मागं कोणी नसतं.

बाजारातून घरी आल्यावर पुढचा अभ्यास स्वयंपाकघरात होतो. आमच्या घरच्या मंडळींनी तो कधी अभ्यास म्हणून केला नाही. कोथिंबीर निवडायची, मटार सोलायचे, लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करायच्या, कणकेचा एक गोळा हाताशी घ्यायचा, पिठाची चाळणी दोन्ही हातांनी हलवायची. हिच्या शेजारी बसून नात हे सगळं करते, आणि निम्मं सांडते. सांडलेलं वेचणं हेही त्यातच आलं. पेन्सिल धरायला लागतं ते बळ चिमटीत असं येतं.

याउलट दोन-अडीच वर्षांच्या मुलांना चार रेघी वहीत 'ए' गिरवताना मी पाहिलं आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी तिथं नुसती कूर्चा असते, आणि तिचं हाड एकेक करून बनत जातं. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात जेमतेम दोन-तीन हाडं दिसतात. त्या हातानं ओळीत बसणारं अक्षर काढावं अशी अपेक्षा धरली की हात दुखतो, अक्षर वेडंवाकडं येतं, वर ओरडा बसतो, आणि लिहिणं या गोष्टीचाच राग त्याच्या मनात बसतो. पाटीवर, फरशीवर, रांगोळीच्या भुकटीत हवं तेवढं मोठं गिरगटू द्यावं. खांद्यापासून हात फिरला की मग कोपर, मग मनगट, मग बोटं, असा तो क्रम आहे. वेळ आली की 'ग, म, भ, न' आहेतच. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र शिकवण्याची आपली ती जुनी रीत चांगलीच आहे.

अक्षरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मराठी पालकांनी ध्यानात घ्यावी. इंग्रजीत सव्वीस अक्षरं झाली की एक टप्पा संपल्यासारखा वाटतो. आपल्या लिपीत मुळाक्षरं, त्यांच्या बाराखड्या, वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली दाखवलं की अशा लिप्यांमध्ये अक्षरं आत्मसात होण्याचं काम प्राथमिकच्या कितीतरी इयत्तांपर्यंत चालूच राहतं. मराठीची घडण त्याच जातीची आहे. म्हणून तीन-चार वर्षांच्या वयात अक्षरांच्या तक्त्यापेक्षा कानाची तयारी जास्त उपयोगी पडते. जिन्यावरून उतरताना आम्ही 'क'नं सुरू होणारी नावं घेतो, टाळ्या वाजवत शब्दांचे तुकडे पाडतो: को-थिं-बी-र, चार टाळ्या. शब्दाला तुकडे असतात हे कानाला उमगलं की त्या तुकड्यांना आकार असतात हे डोळ्याला पुढे सोपं जातं.

मोजण्याचंही तसंच. 'वन टू फिफ्टी' म्हणणारं लेकरू गणितात पुढं आहे असं घरच्यांना वाटतं. त्याच्यापुढे सात लिंबं ठेवा, मोजायला सांगा, आणि लगेच "किती आहेत?" विचारा. पुष्कळ मुलं उत्तर न देता पहिल्यापासून पुन्हा मोजू लागतात. शेवटचा उच्चारलेला आकडा हाच सगळ्या लिंबांचा आकडा, ही समज साधारण साडेतीन-चारच्या सुमाराला येते, आणि पाठांतरानं ती लवकर येत नाही. "आज्जीला तीन लिंबं आणून दे" यानं मात्र ती येते. ताटं मांडताना माणशी एक वाटी ठेवणं, चपलांच्या जोड्या लावणं, मोठे बटाटे एका टोपलीत आणि लहान दुसरीत, हे सगळं गणितच आहे.

त्यातून आपले संख्यावाचक शब्द अवघड. एकवीस म्हणताना आधी एक येतो, मग वीस. एकोणतीस म्हणताना कानाला तीस ऐकू येतो आणि लिहायचे मात्र दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'तीस दोन' असं वाचण्याची पर्यायी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर थट्टा झाली, विषय विधिमंडळात पोहोचला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, की जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या अडथळ्यामुळे लहान मुलांची गणिताशी सुरुवातीलाच फारकत होऊ नये. पद्धत कोणती बरी यावर वाद होऊ शकतो. पण पहिली-दुसरीत शिकवलेल्या कोणालाही ती अडचण खरी आहे हे ठाऊक आहे. म्हणून शाळेआधीच्या घरात दहापर्यंतच्या वस्तूंशी पक्की ओळख झाली तरी पुष्कळ. शंभर पळून जात नाही.

घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आलो की नात रोज विचारते, "आता किती वाजले?" मी सांगतो, पण त्या उत्तराचा तिला काही उपयोग नसतो. या वयातला काळ घटनांनी बनलेला असतो: आंघोळीनंतर, जेवायच्या आधी, बाबा आल्यावर. शाळेत सोडतानाही हीच भाषा वापरावी लागते. "बारा वाजता येईन" असं सांगून लेकरू शांत होत नाही. "डबा खाऊन झाला, गाणं म्हणून झालं, की मी फाटकाशी उभा असेन," हे त्याला कळतं. आणि मग खरोखर तिथं उभं असावं लागतं. नजर चुकवून निसटणारे पालक मी वर्षानुवर्षं पाहिले. त्या दिवशी रडणं टळतं, पण माणसं न सांगता नाहीशी होतात ही शिकवण लेकराच्या मनात बसते, आणि पुढचे कित्येक दिवस ते पाठ सोडत नाही. त्याहून वाईट म्हणजे शाळेचाच बागुलबुवा करणं. "थांब, तुझ्या बाईंना नाव सांगते," "शाळेत गेलीस ना, मग कळेल." जिच्यावर उद्या विसंबायचं त्या बाईंची भीती आपणच घालायची आणि मग पोर शाळेत बोलत नाही म्हणून तक्रार करायची, हे काही बरोबर नाही.

गोष्टींचं काय, असं कोणी विचारेल. गोष्टी तर हव्यातच, आणि त्याच त्याच हव्यात. चिमणी-कावळ्याची गोष्ट नातीनं इतक्यांदा ऐकली आहे की मी एखादं वाक्य गाळलं तर ती मला अडवते. पुढं काय येणार हे ठाऊक असण्यातच तिची मजा आहे, आणि वाचायला लागल्यावर पुढचा शब्द ताडण्याची सवय इथंच लागते. पुस्तकांची वानवा आता पूर्वीइतकी नाही. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' एवढ्याशा मुलीच्या घराविषयी आहे, आणि त्यातलं घर कोणाही मराठी घरासारखं आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. आमच्या जुन्या शहराच्या मोहल्ल्यांमध्ये २०२१ पासून रीड अँड लीड फाउंडेशनच्या पुढाकारानं मुलांसाठी मोहल्ला वाचनालयं उभी राहिली, त्यांची सुरुवात तर एका शाळकरी मुलीपासून झाली. घरात पुस्तकांचं कपाट नसलं तरी गल्लीत असू शकतं, हे त्या पोरीनं मोठ्यांना दाखवून दिलं.

मोबाइलबद्दल फार उपदेश करायला मी धजत नाही. दोघं कामावर, स्वयंपाक एकीकडे, वयस्कर गुडघे दुसरीकडे, अशा घरात तो हातात जातोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, आणि कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. माझी हरकत एका साध्या गोष्टीला आहे: पडदा लेकराशी बोलतो, पण त्याचं ऐकण्यासाठी थांबत नाही. कोथिंबीरवाला थांबतो.

घरातल्या आणि परिसरातल्या वस्तूंनी शिकवावं, ही कल्पना माझी नाही. महाराष्ट्रात तिला एका मोठ्या बाईंची परंपरा आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरींची पद्धत ताराबाईंना मान्य होती, पण तिची साधनं महाग होती आणि ती पद्धत शहरातल्या सुखवस्तू घरांतच अडकून पडेल हे त्यांना दिसत होतं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथं शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. लेकरं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये हे काम वाढलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा त्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं. त्यात शाळेत मेळावा भरतो, मातांचे गट होतात, आणि घरच्याच वस्तूंनी काय करता येईल याची कार्डं त्यांना दिली जातात. निवृत्तीनंतर असा एक मेळावा मी पाहिला. कागदाची घडी घालणं, रेषेवर चालणं, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र पाहून बोलणं. बोर्डीचा विचार इतक्या वर्षांनी सरकारी फलकांवर आला होता. बहुतेक आयांच्या चेहऱ्यावर एकच नवल होतं: हे तर आमच्या घरी रोजच होतं, याला शिक्षण म्हणतात होय!

हे नवल मला फार मोलाचं वाटतं, कारण आपणही शिकवू शकतो हा घराचा भरवसा आपल्याकडे वेळोवेळी हिरावला गेला आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला निजामी राजवटीत वरच्या वर्गांत गेलं की उर्दूशिवाय गत्यंतर नव्हतं. १९१८ साली स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतच शिकवत होतं. १९१५ साली या शहरात सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था उभी राहिली, त्यामागं मराठी घरांतल्या मुलांची सोय हाही विचार होता. वडील उर्दू उत्तम लिहीत, त्या भाषेवर त्यांचं प्रेम होतं. पण घरात जे बोलतो ते शाळेत चालत नाही, ही जाणीव त्यांना लहानपणीच झाली आणि ती ते कधी विसरले नाहीत. आज उर्दूच्या जागी इंग्रजी आली आहे, आणि सक्तीच्या जागी हौस. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला आहे आणि शक्य तिथं घरची भाषा माध्यम असावी असंही म्हटलं आहे. इंग्रजी शिकू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. ज्या लेकराला मराठीत किंवा उर्दूत तक्रार करता येते, गोष्ट सांगता येते, कारण विचारता येतं, त्याला इंग्रजीत हे सगळं करायला शिकणं जमतं. ज्याच्या घरची भाषा इंग्रजीच्या नादात तोडली जाते आणि इंग्रजीही चार राइम्सच्या पुढे जात नाही, ते कोणत्याच भाषेत आपलं म्हणणं मांडू शकत नाही.

इथं मला शहागंजातल्याच एका गोष्टीचा विचार करावा लागतो. सकाळच्या बाजारात गाड्यांखाली गोणपाट अंथरून लेकरं बसलेली असतात. आई भाजी लावते, बाप माल उतरवतो. त्यांतलं चार-पाच वर्षांचं एक पोर गिऱ्हाइकाला हाक मारतं, दहाची आणि वीसची नोट ओळखतं, कांद्यांतले सडके बाजूला काढतं, धाकट्याला सांभाळतं, तीन भाषांत बोलतं. बोलण्याचा जो धीर माझ्या नातीला मी इतक्या खटपटीनं मिळवून दिला, तो त्याच्याकडे आधीपासून आहे. तरी उद्या ते एखाद्या नर्सरीच्या टेबलापुढे उभं राहिलं तर "याला काहीच येत नाही" असाच शेरा पडेल, कारण त्याला ए फॉर अॅपल येत नाही. सफरचंदांची पेटी मात्र ते रोज उघडतं.

ती यादी लेकराची तयारी मोजत नाही, घराची ऐपत मोजते. कोणाच्या घरी दुपारी मोकळं माणूस आहे, कोणाला इंग्रजी येतं, कोणाला तक्ते घेणं परवडतं, एवढंच तिच्यातून कळतं. शाळेसाठी लेकरू तयार आहे का, हा प्रश्न आपण सतत विचारतो. समोर येणाऱ्या लेकरासाठी शाळा तयार आहे का, हेही त्याच गंभीरपणे विचारायला हवं. वर्गावर असताना मलाही त्याची आठवण क्वचितच कोणी करून दिली.

आणि घराच्या बाजूनंही सगळं सोपं नाही. थांबायला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. दहा तास गाड्यावर उभी राहणारी आई रात्री गोष्ट सांगेल अशी अपेक्षा धरणं म्हणजे तिच्या थकव्याची चेष्टा आहे. मी निवृत्त आहे म्हणून कोथिंबिरीच्या गाड्यापाशी उभा राहू शकतो. म्हणून घरोघरी शिक्षणाचा प्रचार करताना अंगणवाडी, बालवाडी, चांगली खोली आणि पुरेशा सेविका पुरवण्याची सरकारची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. शिक्षण हक्काच्या कायद्यात तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकार सोय करू शकेल, एवढंच म्हटलं आहे. करावीच लागेल असं म्हटलेलं नाही. ज्या वयाला सगळ्यांत महत्त्वाचं म्हणतो, त्याच वयाबाबत कायदा असा सैल ठेवणं मला कधी पटलं नाही.

शाळेच्या प्रवेश अर्जात आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न असे रकाने असतात. त्यात आणखी एक रकाना हवा: लेकरू घरी आणि बाहेर काय काय करतं, आणि कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं. तो नसल्यामुळे नातीच्या अर्जासोबत आम्ही एक कागद जोडणार आहोत. ती कोथिंबीर निवडते, दहापर्यंत वस्तू मोजते, चपला अजून उलट्या घालते, घरात मराठी आणि बाजारात दखनी बोलते, नवीन माणसाशी बोलायला वेळ घेते, पण समोरचं माणूस थांबलं तर बोलते. गाड्याखालच्या त्या पोरासाठीही कोणीतरी असा कागद लिहावा. त्याच्यावर नातीपेक्षा जास्त ओळी भरतील. बाईंपुढे मोठा वर्ग असेल आणि प्रत्येकासाठी थांबायला त्यांच्याकडे वेळ नसेल, हे मी शिक्षक म्हणून जाणतो. निदान कोणासाठी थांबायचं हे तरी त्यांना पहिल्या दिवशी कळेल.